ट्रकवर नवीन आहे, माल पोचवायला सारखा उशीर होतो. काय करू?

तुमचा प्रश्न वाचला. आठ महिने झाले चौदा टायरच्या ट्रकवर बसून, चाकण ते होसूर (बेंगलोरच्या पुढे, तमिळनाडूत) लाईन, तीनदा गाडी उशिरा पोचली आणि तिन्ही वेळा शेठने पैसे कापले. आता ‘गाडी अजून पळवू की लाईनच सोडू’ असं विचारताय. दोन्ही करू नका. मी कराडचा. एकोणीस वर्षं याच रस्त्यावर काढली, आता घरच्या दोन गाड्या आहेत, त्यामुळे ड्रायव्हरवर ओरडायचं कामही अधूनमधून माझ्याकडे असतं.

आधी एवढं आठवा: तिन्ही वेळा गाडी कंपनीच्या गेटमधून बाहेर पडली किती वाजता? शेठने पार्टीला (माल घेणाऱ्या कंपनीला) सांगितलेली वेळ नको, खरी वेळ. माझा अंदाज आहे की उशीर तिथेच झाला. सकाळी दहाला गाडी लावायला सांगतात. आपण नऊला जाऊन टोकन घेतो. डॉक (माल चढवायचा फलाट) रिकामा व्हायला चार वाजतात, माल चढतो सातला, आणि मग बिल बनवणारा जेवायला गेलेला असतो. ताडपत्री-रस्सी करून आपण रात्री अकराला निघतो. तिकडे पार्टीला मात्र सकाळीच निरोप गेलेला असतो, ‘गाडी निघाली.’

हे गेलेले बारा-तेरा तास नवीन पोरं रस्त्यावर भरून काढायला बघतात. पुणे ते कोल्हापूर साठच्या जागी सत्तरने हाणली तर फार तर अर्धा तास वाचतो, आणि तो खंबाटकीत नाहीतर तासवड्याच्या टोलला रांगेत जातो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करणारे तर तुम्हीही पाहिले असतील. डिझेल वाचतं म्हणे. त्या उतारावर ब्रेक न लागलेल्या गाड्यांनी किती माणसं मारलीत ते पुण्यात कुणालाही विचारा.

वेळेचा हिशोब गाडी भरायच्या आधी करायचा, आणि उलटा करायचा. चाकण-होसूर धरा नऊशे किलोमीटर. भरलेली गाडी, घाट, टोल, चहा-जेवण सगळं मिळून ताशी पस्तीसच्या वर सरासरी धरू नका. एकटा ड्रायव्हर दिवसाला दहा तास चालवतो म्हटलं तर साडेतीनशे किलोमीटर झाले. म्हणजे अडीच दिवस. (१९६१ साली मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी कायदा झाला त्यात दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. ढाब्यावर हे कुणाला सांगितलं तर हसतात.) शेठ म्हणाला ‘वीस तासांत पोचव’, तर तिथल्या तिथे सांगा: दोन ड्रायव्हर द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी पोचेन. तोंडावर नाही म्हणायला जड जातं हे कबूल. पण तेव्हा हो म्हटलं की उशीर तुमच्या नावावर लागला.

नो एन्ट्रीही याच हिशोबात धरायची. पुणे, ठाणे, बेंगलोर, कुठेही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड गाडी आत घेत नाहीत, आणि वेळा बदलत असतात. बेंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीचा माल असेल आणि सकाळी आठला बेंगलोरच्या अलीकडे नेलमंगलाला पोचलात, तर रात्रभर जागून काय मिळवलं? त्यापेक्षा चार तास झोपून या. परतीचा माल भोसरी-चाकणचा असेल तर तिकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी पाचला गेटवर गेलेली गाडी शुक्रवारी खाली (रिकामी) झालेली मी पाहिली आहे. गणपतीत मुंबई-गोवा रस्त्यावर आणि वारीच्या दिवसांत दिवे घाटाकडे अवजड गाड्या बंद असतात, ते भाडं घेतानाच लक्षात ठेवायचं.

आता माझी चूक सांगतो. लाईनवर येऊन वर्ष झालं असेल. होसूरला एक मशीन घेऊन चाललो होतो. टायर फुटला, त्यात पाच-सहा तास गेले. पार्टीचा फोन आला तेव्हा मी चित्रदुर्गला, म्हणजे नेलमंगलाच्या बराच मागे होतो, आणि घाबरून सांगितलं, ‘नेलमंगला सोडलं.’ दोन तासांत येतो म्हटल्यावर त्यांनी मशीन उतरवायला भाड्याची क्रेन बोलावली. ती चार तास माझी वाट बघत उभी होती, आणि तिचं भाडं माझ्या हिशोबात आलं. तिथला सुपरवायझर हिंदीत एवढंच म्हणाला, ‘खरं सांगितलं असतंस तर क्रेन उद्या बोलावली असती.’ उशिराबद्दल तो एक शब्द बोलला नाही. पार्टीला माणसं, हमाल, डॉक लावायचा असतो, त्यामुळे तिला वेळेचा आकडा खरा लागतो. उशीर होणार हे तुम्हाला ज्या मिनिटाला कळलं त्या मिनिटाला फोन करायचा, आणि सांगताना दोन तास वाढवूनच सांगायचं. आता तर फास्टॅगचा मेसेज टोल ओलांडताच मालकाच्या फोनवर जातो, त्यामुळे थाप फार वेळ टिकतही नाही.

पैसे कापण्याचं मूळ मात्र कागदात आहे, तिकडे नवीन ड्रायव्हरचं लक्ष नसतं. तुम्ही मंगळवारी दुपारी गेटवर पोचता, माल खाली होतो गुरुवारी, आणि पोचपावतीवर शिक्का बसतो गुरुवारचा. कागद बघणाऱ्याला वाटतं गाडीच गुरुवारी आली. म्हणून गेटवर नाव लिहिताना वेळ लिहून घ्या, एन्ट्रीच्या पावतीचा किंवा टोकनचा लगेच फोटो काढा आणि शेठला व्हॉट्सॲपवर टाका. पोच सही करून घेताना ‘गाडी आल्याची तारीख व वेळ’ वेगळी लिहायला सांगा. ते कुरकुरतात. हसून, पण सांगायचंच. भरतानाही तेच: लावल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ, दोन फोटो. हाल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) किती तासांनंतर सुरू होणार आणि दिवसाला किती, हे शेठला निघण्याआधी विचारून मेसेजवर घ्या. गाडी दोन दिवस उभी राहिल्यावर विचारलं तर कुणी धड उत्तर देत नाही.

ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत रोज बघा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे तुमच्या नऊशेला पाच. पण गाडी नंबर टाकून बिलाचा दुसरा भाग, पार्ट बी, भरला की मुदत सुरू होते, आणि ऑफिसातली पोरं गाडी डॉकला असतानाच तो भरून टाकतात. त्यात वाटेत गाडी बंद पडली की मुदत संपत येते. संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्याच वेळात वाढवून मिळते, आणि ते काम ट्रान्सपोर्टरचं. तुम्ही फक्त वेळेवर फोन करायचा. मुदत संपलेली गाडी पकडली तर दंड कराच्या दुपटीपर्यंत जातो, मग उशिराचं कुणाला आठवतच नाही.

भाजीपाल्याची गाडी मिळाली तर वरचं बरंचसं विसरा. वाशी मार्केटला दोन तास उशीर म्हणजे भाव गेला. तिथे दोन ड्रायव्हर असल्याशिवाय बसू नका, निदान पहिली दोन वर्षं.

राहिला शेठ. पुढच्या ट्रिपचे चार फोटो हातात ठेवा: गाडी लावली, निघाली, पोचली, खाली झाली. हिशोबाच्या दिवशी ते समोर ठेवून शांतपणे विचारा, यातले कुठले तास माझे? बहुतेक शेठ इथे नरमतात, कारण तेच फोटो दाखवून त्यांना पार्टीकडून हाल्टिंग मागता येतं. माझ्या दोन्ही ड्रायव्हरांना मी हे सक्तीचं केलंय, त्यात माझाच फायदा आहे. फोटो बघूनही त्याने कापले, तर लाईन तीच ठेवा आणि मालक बदला. चाकणला चौदा टायर चालवणारा माणूस आठवडाभरही रिकामा बसत नाही.