सोलापुरात प्रॅक्टिस करायची असेल तर ऑक्युलोप्लास्टीची फेलोशिप घ्यावी का?

नेत्ररोगशास्त्रात एम. एस. झाल्यावर सोलापुरातच प्रॅक्टिस करायची असेल, तर ऑक्युलोप्लास्टीच्या (पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्याची खोबण यांच्या शस्त्रक्रियांच्या शाखेच्या) फेलोशिपसाठी आणखी दीड-दोन वर्षे द्यावीत का, असे आपण विचारले आहे. मी ती फेलोशिप करून सोलापुरात परतलो आणि माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र डोळ्याच्या खोबणीची शस्त्रक्रिया जिथे स्वतःच्या हाताने करायला मिळेल, अशीच जागा निवडावी.

आत वळलेली पापणी किंवा अश्रुमार्ग बंद झाल्यावर अश्रूंना नाकात नवी वाट करून देणारी डीसीआर शस्त्रक्रिया रेसिडेन्सीतही थोडीफार शिकता येते. खोबणीचे तसे नाही. ७ हाडांच्या, सुमारे ३० मिलिलिटरच्या त्या पोकळीत डोळा, स्नायू, ऑप्टिक नर्व्ह, रक्तवाहिन्या आणि चरबी दाटीने बसलेली असतात. तिथे रक्तस्राव होऊन दाब वाढला आणि नजर जाऊ लागली, तर सीटी स्कॅनची वाट न पाहता पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याचा बंध कापून दाब मोकळा करावा लागतो, आणि तो हात अनुभवी सर्जनच्या शेजारी उभे राहूनच तयार होतो.

परतल्यानंतर माझ्याकडे चेंडू लागलेला एक मुलगा आला. डोळा पांढरा स्वच्छ होता, पण उलट्या होत होत्या, म्हणून डोक्याला मार बसल्याचे समजून त्याला दुसरीकडे दोन दिवस ठेवले होते. लहान मुलांचे खोबणीच्या तळाचे हाड ओल्या फांदीसारखे वाकून पुन्हा जागेवर येते आणि खालचा स्नायू त्यात अडकतो; उलट्या आणि मंदावलेली नाडी त्यामुळेही असू शकते. त्याला डोळा वर नेऊन पाहायला सांगितले असते, तरी निदान झाले असते. असा स्नायू एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो. त्या दिरंगाईची हळहळ मला आजही वाटते.

हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद, मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे या शाखेचे उत्तम प्रशिक्षण मिळते. तरीही अर्ज करण्यापूर्वी तिथल्या माजी फेलोंना फोन करून त्यांनी मुख्य सर्जन म्हणून खोबणीच्या किती शस्त्रक्रिया केल्या, हे अवश्य विचारावे.

सोलापुरात धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्णही येतात, त्यामुळे कामचलाऊ कन्नड शिकून घ्यावी. सुरुवातीची काही वर्षे खर्च मोतीबिंदूवरच निघेल, म्हणून फेकोचा, म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा, सराव फेलोशिपच्या काळातही सोडू नये.