वाचकांचे प्रश्न : पाच वाड्यांची एक पेटी

गेल्या अंकात मी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, साहित्याच्या फिरत्या पेटीबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली. मी निवृत्त बाई, आजरा तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात 34 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 9 केंद्रप्रमुख म्हणून. उत्तरं तेवढ्याच अनुभवातली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी, पट 17. दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात अशाच आणखी चार शाळा आहेत. आम्ही शिक्षक भेटलो की ‘एकत्र मिळून काहीतरी करू’ म्हणतो आणि चहा संपला की विषयही संपतो. सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षक, पाटण तालुका

सर, आमचीही दोन वर्षं अशीच चहात गेली. तुम्ही सुरुवात कपाटापासून करा.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही पाचही शाळांची कपाटं उघडली. गणित पेट्या पाच निघाल्या, त्यातल्या तीन प्लास्टिकच्या वेष्टणातच होत्या. रबरी रिंगा आणि दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या इतक्या, की दुकान टाकता आलं असतं. पण पृथ्वीगोल धड एकाही शाळेत नव्हता, आणि चालू ताणकाटा तर नव्हताच. असं का झालं, ते हिशेब मांडल्यावर कळलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान 30 पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये. त्यात वीजबिल, खडू, नळाची तोटी, रंगाचा एक हात. खेळाच्या साहित्याला प्राथमिक शाळेला 5,000. मार्च जवळ आला की पाचही मुख्याध्यापक तालुक्याच्या एकाच दुकानात जायचे आणि दुकानदार पाचही जणांना एकच गठ्ठा बांधून द्यायचा.

पुढच्या वर्षी खर्चाआधी बसलो. एका शाळेनं लेझीम घेतल्या, एकीनं मॅट, एकीनं खो-खोचे खांब आणि मोजपट्टी. मात्र इथं एक गोष्ट नीट ऐका. पैसा एकत्र करायचा नाही. चार शाळांचा पैसा पाचव्या शाळेच्या खात्यावर गेला, की लेखापरीक्षणात उत्तर देता देता तुमची सगळी हौस फिटेल. प्रत्येक शाळेनं आपल्या खात्यातून, आपल्या व्यवस्थापन समितीच्या ठरावानं वस्तू घ्यायची आणि आपल्याच जडवस्तू नोंदवहीत चढवायची. मालकी जागच्या जागी राहते, वापर तेवढा फिरतो. ठरावात ‘केंद्रातील इतर शाळांना वापरास देण्यास हरकत नाही’ एवढं वाक्य घालून घ्या. त्या एका वाक्यानं मला पुढं किती वेळा वाचवलं, सांगता येत नाही.

मग पेटी. लग्नात देतात तसली पत्र्याची ट्रंक. झाकणाला आतून यादी चिकटवलेली. सुरुवातीला आम्ही ‘ज्याला हवी त्यानं मागून न्यावी’ असं ठेवलं, तर पेटी पहिल्याच शाळेत तीन महिने बसली. कुणी आळशी नव्हतं हो. मागायला माणसाला संकोच वाटतो, शेजारच्या शाळेत तर जास्तच. म्हणून मागणं काढूनच टाकलं. दर गुरुवारी पेटी पुढच्या शाळेत पोचलीच पाहिजे, उघडली असो वा नसो. ज्या गुरुजींच्या घरच्या वाटेवर ती शाळा, त्यांच्या मोटारसायकलवर ती जायची. जून ते ऑगस्ट बंद. आमच्याकडे आषाढात ओढे चढले की माणूस पलीकडे जात नाही, तिथं ट्रंक कुठली जाणार! तुमच्या पाटणला हे मी काय सांगायचं.

दुसरी अडचण भीतीची निघाली. वस्तू दुसऱ्या शाळेची, फुटली तर काय, म्हणून गुरुजी ती लांबूनच दाखवायचे. नवा घेतलेला पृथ्वीगोल टेबलावर, पोरं हाताची घडी घालून बाकावर! शेवटी बैठकीत ठरवलं की मोडतोड यादीतच लिहायची, भरपाई कुणी मागायची नाही. महिन्याभरात गोल परत आला तो आफ्रिकेपाशी चेपलेला. मला बरं वाटलं, म्हणजे पोरांनी हातात घेतला होता.

वस्तूंचं जमलं की मग माणसांकडे वळा, आधी नको. आमच्यात एका बाईंचं इंग्रजी गोड होतं, एका गुरुजींच्या हाताला पेटी-तबला होता. (ही पेटी वेगळी, हार्मोनियम.) महिन्यातले दोन शनिवार ते जागा बदलायचे. अदलाबदलच हवी, नुसतं जाणं नको. दोनशिक्षकी शाळेतला एक जण बाहेर पडला, की मागं राहिलेल्याच्या गळ्यात चार वर्ग येतात, आणि तिसऱ्या खेपेला तो कुरकुरणारच. दोघांनीही जागा बदलली तर कुणाचंच ओझं वाढत नाही. हालचाल रजिस्टरला नोंद आणि केंद्रप्रमुखांचं पत्र मात्र आधी घ्या. ओळखीपाळखीवर जे चालतं, ते एका बदलीत संपतं. आमची पहिली घडी अशीच दोन गुरुजींच्या बदलीनं विस्कटली. वेळापत्रक आणि रजिस्टरात उतरवलेली दुसरी घडी अजून चालू आहे, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी.

प्रश्न : मॅडम, आमच्या वाडीच्या शाळेत 9 मुलं आहेत. चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत सगळ्यांना नेणार, गाडी देणार, तिथं संगणक आणि मैदान आहे, असं बोललं जातंय. निम्मे पालक तयार आहेत, निम्मे नाहीत. समितीनं काय करावं?
— शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, शाहूवाडी तालुका

दादा, यात दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्या गेल्या आहेत. त्या आधी सोडवून घेऊ.

जवळच्या शाळांनी एकमेकींना हात द्यावा, ही कल्पना जुनी. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानं ‘शाळा संकुल’ सुचवलं होतं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आमच्याच आजऱ्यातल्या बहिरेवाडीचे. (हे मी दर पत्रात कुठंतरी घुसवते, संपादक सहन करतात.) तिथं शाळा आपापल्या गावात राहतात आणि साहित्य, शिक्षक, प्रयोगशाळा यांची देवाणघेवाण होते. आपल्याकडे 1990 च्या दशकात केंद्रशाळा आल्या, 4,860 केंद्रं झाली, ती त्याच वाटेनं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातल्या शाळा, अंगणवाड्यांसकट, असंच संकुल सांगितलं आहे.

‘समूहशाळा’ ही वेगळी गोष्ट. सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी तसे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा शाळा 14,783 असल्याचं सांगितलं होतं, आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. इथं मुलं उचलून एका जागी आणायची असतात. तुमच्याकडे जे बोललं जातंय, ते हे.

आता माझं मत. ‘वाडीची शाळा हलवायची नाही म्हणजे नाही’ म्हणणाऱ्यांत मी नाही. माझ्या एका शाळेत तिसरीत एकच मुलगी होती, चौथीतही ती एकटीच. पाढे म्हणायला जोडी नाही, पाटीत डोकावून बघायला शेजारी नाही, भांडायला कुणी नाही. हुशार होती, पण आवाज इतका बारीक झाला होता की पाचवीत गेल्यावर दोन महिने ती वर्गात बोललीच नाही. हे नुकसान खरं आहे, आणि गावकीच्या अभिमानापायी ते झाकू नये.

तरी सहा वर्षांचं पोर रोज चार किलोमीटर जाणार असेल, तर मी होकाराचा हात वर करणार नाही. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असं धरलंय ते उगाच नाही. आमच्या पट्ट्यात सांजेला गवे रस्त्यावर येतात, कधी हत्तीही. गाडीची बातमी पहिल्या वर्षी चांगलीच असते. गाडी यायची थांबली की काय होतं, ते मी माझ्या केंद्रात एकदा पाहिलंय. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून पोचले. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहिल्या. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, पण पहिलीतली मुलगी एकटी एसटीत कोण बसवणार? आणि तुमच्या वाडीवर एसटी येते का?

म्हणून सभेत होय-नाही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. गाडीचे पैसे पुढच्या जूनला कोण भरणार. गाडीत मुलांबरोबर मोठं माणूस कोण बसणार. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं काय. अंगणवाडी इथंच राहणार का, कारण धाकटं वाडीत आणि थोरलं चार किलोमीटरवर असं झालं, की आईचा दिवस फाटतो. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. त्यांना खरोखर बोलावा, अंगठा-सहीपुरतं नको. गाडीची वेळ आणि भाताची लावणी यांचं गणित त्यांनाच कळतं.

मधली वाटही आहे. पहिली-दुसरी वाडीतच ठेवायची. तिसरी-चौथीच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस मोठ्या शाळेत न्यायचं, गुरुजींसकट, आणि त्या शाळेचे शिक्षक महिन्यातून एकदोनदा तुमच्याकडे. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे तीन महिने हे करून पाहिलं. सगळ्यात जास्त बदल गणितात नाही, बोलण्यात दिसला.

प्रश्न : आमच्या शाळेत एकूण 11 मुलं. केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत आमची मुलं दरवर्षी फक्त धावतात नि गोळी-चमचा खेळतात. सांघिक खेळात नावच नाही. काही करता येईल?
— नवी शिक्षिका, चंदगड तालुका

अगं, खो-खोला पाठलागाचे नऊ लागतात, आठ बसलेले नि एक धावणारा. तुझ्या अकरांतून नऊ पाठलागाला घेतले तर पळायला पहिलीतली दोन उरली! आम्ही तीन वाड्यांची पोरं दर बुधवारी दुपारी मधल्या वाडीच्या खळ्यावर आणायला लागलो. संघ झकास झाला. स्पर्धेला गेलो तर अर्जावर ‘शाळेचे नाव’ ही एकच रेघ. तिन्ही नावं दाटीवाटीनं लिहिली, अर्ज परत आला. पोरं रडवेली. मग पंचांनीच तोड काढली. अंतिम सामन्याआधी आमच्या पोरांचा एक सामना खेळवला, निकालात न धरता. पोरं एका गुणानं हरली आणि परत येताना टेंपोत जिंकल्यासारखी ओरडत होती. पुढच्या वर्षी केंद्राच्या बैठकीत, 20 खालच्या पटाच्या शाळांना जोडसंघ चालेल असं ठरवून घेतलं. तू जूनच्या बैठकीतच विषय काढ. डिसेंबरात कुणी ऐकत नाही.

प्रश्न : मी मूळचा राधानगरीचा, पुण्यात नोकरी. गावच्या शाळेला दहा टॅब द्यायची इच्छा आहे. शाळेत मुलं 14 आहेत. योग्य ठरेल का?
— एक वाचक, पुणे

भाऊ, मन मोठं आहे तुमचं. पण आधी त्या शाळेचं वीजबिल कोण भरतं आणि गेल्या वर्षी मीटर किती महिने तुटलेलं होतं, एवढं विचारा. मग केंद्रप्रमुखांना भेटा. दहा टॅब एका शाळेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा पाच शाळांत आठवडाभर फिरवले, तर 14 ऐवजी सत्तरेक पोरांच्या हातात पडतील. चार्जिंग करून पाठवायची जबाबदारी कुणाची, तेही त्याच बैठकीत ठरवा, नाहीतर प्रत्येक शाळेत ते बंदच पोचतील.

आणि जमलं तर टॅबबरोबर एक ट्रंक द्या. मोठी, जाड पत्र्याची. आमच्या पेटीची एक कडी दुसऱ्याच वर्षी निखळली, तेव्हापासून ती सुतळीनं बांधून फिरते.