काम किती टक्के झाले, हे ते करणाऱ्याला नुसते विचारून लिहू नका

प्रकल्पाच्या साप्ताहिक अहवालात टक्केवारी कशी काढावी आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. फक्त ‘किती झाले?’ असे विचारून मिळालेला आकडा अहवालात घालू नका.

एका प्रकल्पाचे नियोजन माझ्याकडे होते. जुन्या प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत आणण्याचे काम क्रिटिकल पाथवर (ज्यांना उशीर झाला की सारा प्रकल्पच लांबतो, अशा कामांच्या साखळीत) होते आणि दर आठवड्याला ते ‘९० टक्के पूर्ण’ असेच नोंदवले जात होते. सांगणारा सहकारी खोटे बोलत नव्हता. त्याने लिहून झालेला कोड मोजला होता. एकाच ग्राहकाचे दोन क्रमांक किंवा दिवस-महिन्याची अदलाबदल झालेली तारीख यांमुळे चाचणीत नाकारल्या गेलेल्या नोंदी मात्र कुणीच मोजल्या नव्हत्या. मी त्या कामाचे लहान तुकडे पाडले आणि तपासून स्वीकारल्याशिवाय प्रत्येक तुकडा शून्यच धरला, तेव्हा आकडा निम्म्याहून खाली आला. वरिष्ठांचे म्हणणे असे की, एकूण एसपीआय (झालेल्या कामाची किंमत भागिले तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत; १ म्हणजे वेळेवर) ०.९७ असताना एवढा बाऊ कशाला? तो आकडा चांगला दिसत होता, कारण भरपूर फ्लोट (प्रकल्प न लांबवता उशीर चालण्याची मोकळीक) असलेली प्रशिक्षण-पुस्तिकांसारखी कामे आधीच उरकली होती. हे दाखवून दिल्यावर बेसलाइनच (ज्याच्याशी प्रगती ताडून पाहतात ती मंजूर मूळ योजना) बदलण्याची सूचना आली. मी लेखी नकार दिला, आणि ‘सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवतो’ हा ठपका माझ्यावर बसला. तो मला आजही मान्य नाही. व्याप्तीतील बदल रीतसर मंजूर झाला असेल तर बेसलाइन जरूर बदलावी; उशीर झाकण्यासाठी ती सरकवणे हे ताप कमी दिसावा म्हणून थर्मामीटर झटकण्यासारखे आहे.

खर्चाचाही हिशोब असाच ठेवा. एकूण अंदाजित खर्च १०० असताना ४० किमतीचे काम होऊन ५० खर्च झाले असतील, तर सीपीआय (झालेल्या कामाची किंमत भागिले प्रत्यक्ष खर्च) ०.८ येतो आणि हीच गती राहिल्यास अखेरचा खर्च १२५ होतो. हा आकडा पैसे मंजूर करणाऱ्यापर्यंत त्याच आठवड्यात गेला पाहिजे.

तपासून स्वीकारेपर्यंत शून्य आणि त्यानंतरच शंभर टक्के, हा शून्य-किंवा-शंभरचा नियम आठवड्या-दोन आठवड्यांच्या कामांनाच शोभतो. लांब कामांना टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला एकूण कामातील त्याचा वाटा (भार) ठरवून द्यावा लागतो. शिवाय काम कितीही उशिरा संपले तरी एसपीआय शेवटी १ वरच येतो, त्यामुळे उत्तरार्धात त्यावर विसंबू नये. आणि ज्याच्या कामगिरीचे मोजमाप त्या बेसलाइनवरून होणार आहे, त्याच्या एकट्याच्या सहीने ती बदलता येणार नाही, अशी तरतूद प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच लेखी करून घ्या.