धाकट्याचा अर्ज, थोरलीच्या दप्तरात

“थोरली त्याच शाळेत आहे, म्हणजे धाकट्याचे काम झालेच ना?” खासगी शाळांच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे इतके पालक हा प्रश्न विचारतात, की त्यामागची धास्ती मला वाक्य पुरे होण्याआधीच कळते. अशाच एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

वडील त्या शाळेचे माजी विद्यार्थी, ११ वर्षांची मुलगी तिथेच शिकत असलेली, आणि आता मुलाचा अर्ज भरायचा होता. पहिल्या तीन भेटी केवळ शक्यतांच्या हिशेबात गेल्या. भावंड म्हणून मिळणारे प्राधान्य म्हणजे हमी नव्हे, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. वर्गातील जागा ठरलेल्या असतात. एखाद्या वर्षी भावंडांचेच अर्ज जास्त आले, तर प्राधान्य असलेल्यांमधूनही निवड करावी लागते. आई किंवा वडील माजी विद्यार्थी असण्याला काही शाळा थोडे महत्त्व देतात, काही मुळीच देत नाहीत. म्हणून लेखी नियम वाचावेत, भावंडांसाठी अर्जाची वेगळी मुदत आहे का ते कार्यालयात विचारावे, आणि दुसऱ्या शाळेचा अर्जही तितक्याच मनापासून भरावा. (विश्वस्तांकडे शब्द टाकण्याविषयी वडिलांनी माझे मत विचारले. मी ते दिले. त्यांना ते रुचले नाही.)

चौथ्या भेटीला मुलगी सोबत आली, तीही घरी तिच्याजवळ थांबायला कोणी नव्हते म्हणून. चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता, तिने विचारले, “मला गणितात कमी मार्क पडले, हे त्याच्या फॉर्मवर लिहितात का?”

“असं का विचारतेस?” आई म्हणाली.

“बाबाच म्हणाले ना, तुझ्याकडे बघून त्याला घेतील.”

वडिलांनी ते कौतुकाने म्हटले होते. मुलीने मात्र गणिताची उत्तरपत्रिका दोन आठवडे दप्तराच्या तळाशी दडवली होती आणि सहलीलाही नकार दिला होता, कारण तिथे हातून काही चूक झाली तर ती बाईंच्या लक्षात राहील, असे तिला वाटत होते.

एकाच घरातील मुले मनाने एकाच परिस्थितीत वाढत नाहीत, हे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांचे (१८७०–१९३७) सांगणे माझ्या कामाचा पाया आहे; तरीही तीन भेटी मीसुद्धा धाकट्याकडेच पाहत राहिले होते. शाळेच्या दृष्टीने भावंड ही अर्जावरील एक नोंद असते, घरात मात्र तीच नोंद थोरल्या मुलाची परीक्षा होऊन बसते, हे मला त्या दुपारी उमगले. तेव्हापासून प्रवेशाची काळजी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी आधी थोरल्या मुलाची झोप, भूक आणि अभ्यास यांविषयी विचारते, आणि त्या प्रश्नाने आजवर मला क्वचितच दगा दिला आहे.

त्या दिवशी मी वडिलांना एवढेच सुचवले, की आपले वाक्य त्यांनी स्वतः, तिच्यासमोर, मागे घ्यावे. ते खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, “त्याचा प्रवेश हे आमचं काम आहे. तुझं नाही.” मुलीने खडू खाली ठेवला आणि दप्तर उघडले.

पुढे मुलाचे नाव प्रतीक्षायादीत लागले. ते कळवायला आईने फोन केला, तेव्हा मागून मुलीचा आवाज ऐकू आला: “पण त्याला घेतलं, तर रोज वर्गापर्यंत मीच सोडायचं का?”