कॅलिब्रेशन रजिस्टर संगणकावर नेताना

सॉफ्टवेअरचं नंतर बघ रे. आधी कॅलिब्रेशनचं, म्हणजे मापाची उपकरणं बरोबर मोजतात का त्या तपासणीचं, रजिस्टर घेऊन टूलरूममध्ये एक फेरी मार. कागदावरचे दोन-चार व्हर्नियर कपाटात सापडणार नाहीत, आणि कपाटातला एखादा मायक्रोमीटर कागदावर नसेल. उपकरणावर कोरलेला नंबर हाच नोंदीतला नंबर.

सुरुवातीला एक्सेल पुरे. या चुका टाळ:

- नुसतं 'ओके' लिहिणं. २५ मिमीच्या स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर) मायक्रोमीटरने २४.९९७ दाखवलं, तर तोच आकडा लिही. पुढच्या खेपेला २४.९९४ आलं की तो कुठे सरकतोय ते कळतं.
- जुनी नोंद पुसणं. नवी ओळ घाल.
- तारखेचा रकाना न तपासता सोडणं. एक्सेलमध्ये दिवस-महिन्याची अदलाबदल होऊन ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. आमच्याकडे झाला, सापडला थेट ऑडिटरला!

अनसर्टन्टी (मापात किती फरक असू शकतो ते), बारकोड वगैरे सहा महिन्यांनी बोलू.