काचबिंदूच्या चाचणीत बिनऔषधाचे थेंब मिळाले तर नजर जाईल का?

तुमच्या वडिलांना काचबिंदूचं नुकतंच निदान झालंय, डॉक्टरांनी एका क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे पेशंटचे गट करून उपचार पारखणाऱ्या चाचणीबद्दल, विचारलंय, आणि औषध नसलेले थेंब वाट्याला आले तर काय, ही तुमची भीती आहे. भीती रास्त आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

मी बरीच वर्षं अशा चाचण्यांमध्ये फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या क्षेत्राची, कडेकडेचं किती दिसतं याची तपासणी, घ्यायचे. पांढऱ्या अर्धगोलापुढे हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. समोरचा माणूस कुठल्या गटात आहे हे मला मुद्दाम कळू देत नसत. योग्यच होतं ते. नाहीतर माझ्याही नकळत मी औषधवाल्याला जास्त सांभाळून घेतलं असतं.

काचबिंदूची अडचण अशी, की थेंब लागू पडले तरी पेशंटला काहीच जाणवत नाही. मोतीबिंदू काढल्यावर सगळं लख्ख दिसू लागतं, तसं इथे होत नाही. जे जाणार होतं ते गेलं नाही, फायदा एवढाच. तो एकट्या माणसाकडे बघून कळणार कसा? त्यासाठी दुसरा गट लागतो.

ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. लॅटानोप्रोस्टचे थेंब तोवर कित्येक वर्षं वापरात होते. डोळ्याचं प्रेशर त्यांनी उतरतं हे माहीत होतं, पण नजर खरंच वाचते का, हे बिनऔषधाच्या थेंबांशी ताडून कुणी पाहिलं नव्हतं. ५१६ नवे पेशंट घेतले. दोन वर्षांत बिनऔषधाच्या गटात सुमारे २६ टक्के लोकांचं नजरेचं क्षेत्र घटलं, औषधाच्या गटात १५ टक्के लोकांचं. आणि त्या पहिल्या गटाला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. आजार फार पुढे गेलेल्यांना मुळात घेतलंच नव्हतं, फील्ड टेस्ट वारंवार होत होती, आणि घट पक्की झाली की त्या माणसाला चाचणीतून काढून उपचार सुरू करत होते. नेहमीच्या तपासणीत इतक्या वेळा कुणी बघत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आता थेंबांचा उपयोग सिद्ध झाल्यामुळे बऱ्याच चाचण्यांत नव्या उपचाराची तुलना चालू उपचाराशीच होते. २०१९ मध्ये लेसर आणि थेंब यांची अशी तुलना झाली. लेसर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के पेशंटना तीन वर्षांनीही थेंबांशिवाय चाललं.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा: दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळणार? नजर किती घटली की बाहेर काढणार? फील्ड टेस्ट किती दिवसांनी? मधेच सोडता येतं का? याचं उत्तर 'हो'च असलं पाहिजे. वडिलांचा एक डोळा आधीच गेलेला असेल किंवा आजार बराच पुढे गेला असेल, तर बिनऔषधाच्या गटाची शक्यता असलेल्या चाचणीत मी त्यांना पाठवणार नाही.

आणि उपचारासाठी पैसे मागितले तर तिथून उठा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांनी पैसे भरून डोळ्यांत स्टेम सेलची (शरीरातल्या मूळपेशींची) इंजेक्शनं घेतली, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींचीही नजर वाईट रीतीने गेली. २०१७ साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांच्यातल्या काहींना आपण संशोधनातच भाग घेतोय असं वाटत होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि एका डोळ्याचं काय होतंय ते बघून मग दुसऱ्याला हात लावायचा, एवढी सावधगिरीही नव्हती.

वडिलांची पहिली फील्ड टेस्ट बहुतेक वाईट येईल. घाबरू नका, हात बसायला एकदोन वेळा जातात. मधेमधे पापण्या लवल्या तरी चालतं. दमले तर बटण दाबून धरायला सांगा, सर्रास वापरात असलेली यंत्रं तेवढ्यापुरती थांबतात. हे पेशंटला बहुधा कुणी सांगत नाही.