एनएसएसमध्ये (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत) दोन वर्षं घालवून मला स्वतःला काय मिळेल?

अनोळखी माणसाशी न बिचकता बोलता येणं आणि हातात घेतलेलं काम तडीस नेता येणं, हे दोन फायदे हमखास, प्रमाणपत्र त्यानंतर. मी स्वतः दोन वर्षं स्वयंसेवक होतो. वर्षाला 120 प्रमाणे सेवेचे 240 तास भरायचे आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर करायचं असतं. खरी कमाई शिबिरातच होते. गावच्या सर्वेक्षणात पहिल्याच दारात आजीने ‘कुणाचा रे तू?’ विचारलं आणि मी पाठ केलेले प्रश्न विसरलो. चौथ्या दिवशी त्याच ओट्यावर चहा पीत रेशनकार्डाच्या अडचणी लिहून घेत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा (ओढ्याचं पाणी अडवणारा तात्पुरता बांध) घालताना कोण कामाचं आणि कोण फोटोपुरतं, हेही कळतं. (त्यात आपणही आलोच.) सवलतीच्या गुणांचे नियम मात्र विद्यापीठागणिक वेगळे, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना (युनिट सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना) आधीच विचारा. आणि कॉलेजचं युनिट 24 सप्टेंबरच्या स्थापना दिनाला बॅनर धरण्यापुरतंच असेल, तर यातलं फारसं काही हाती लागणार नाही.